खाडीचा चिखल आणि आमची खालची पट्टी

वेंगुर्ल्याहून परत आल्यावर शेजारणींनी पहिला प्रश्न विचारला तो, "काजू काय भावाने आणले?" आणि दुसरा विचारला तो माझ्या पायांकडे बघून. "अगं बाई, जोडव्यांना काय झालं? पार काळी ठिक्कर पडलीत!" काजूचा भाव एका वाक्यात सांगून झाला. जोडव्यांची गोष्ट सांगायला बसले तर दोनदा चहा टाकावा लागला, तरी ती अर्धीच राहिली. तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावी.

आम्ही हिंगोलीचे. समुद्र आम्हाला माहीत तो नकाशात आणि सिनेमात. नर्सी नामदेव, औंढा नागनाथ, सिद्धेश्वरचं धरण आणि दसऱ्याचं प्रदर्शन एवढ्यात आमच्या मुलांचा प्रवास संपतो. हे नोकरीला आहेत. मी घरचं सगळं आवरून एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. पदवी बी.ए.ची, तीही मराठी घेऊन. पण विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि सहावी-सातवीचं विज्ञान माझ्या गळ्यात पडलं ते अजून उतरलेलं नाही. सुरुवातीला मला रडू यायचं. आता मुलांच्या आधी एक धडा वाचून ठेवते आणि वेळ निभावून नेते.

सासूबाई मात्र वसमतकडच्या आमच्या गावी असतात. घरची जमीन आहे, वर हळद आणि सोयाबीन. हळदीचं नाव आमच्या भागात मोठं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. वरचं वावर काळंभोर, कसदार. पण खाली ओढ्याच्या अंगाला तीस गुंठ्यांची एक पट्टी आहे, ती गेली काही वर्षं बिघडत चालली होती. कालव्याचं पाणी आलं तेव्हा मामंजींनी आनंदाने पाट भरभरून पाणी दिलं. सगळ्यांनीच दिलं. वरचं पाणी मुरत मुरत खाली साठलं. मग उन्हाळ्यात जमिनीवर पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसू लागला. पाऊस पडला की डबकं, उघडीप झाली की दगड. आमच्याकडे अशा जमिनीला चोपण म्हणतात. सोयाबीन उगवायचं, वीतभर वाढायचं आणि पिवळं पडून बसायचं.

या पट्टीसाठी एक गिऱ्हाईक आलं होतं. वीटभट्टीवाला. जमीन नको, नुसती वरची तीन फूट माती हवी, म्हणाला. पैसे रोख. घराच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. यांना तो सौदा पटला होता. खोटं कशाला बोलू, मलाही पटला होता. नाहीतरी तिथे काही पिकत नाही. "ती माती मेलेली आहे," असं हे सारखं म्हणायचे. सासूबाई सुपात तूर पाखडत ऐकत होत्या. एवढंच म्हणाल्या, "मेली म्हणता, मंग इकता कामून? मेलेलं कुणी इकतं का?"

मग थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सुनबाई, खरं सांगू का? मिरगाचा पह्यला पाऊस पडला की समद्या वावराला वास सुटतो. त्या पट्टीला सुटत न्हाई. चार-पाच साल झाले."

त्यावेळी मी ते म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून दिलं. सौदा दिवाळीनंतर पक्का करायचा असं ठरलं.

आणि दिवाळीनंतर आम्ही वेंगुर्ल्याला गेलो. निमित्त होतं नणंदेच्या मुलाचं. तो सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करतोय. त्याला कांदळवन बघायचं होतं, मुलांना समुद्र बघायचा होता, आणि सासूबाईंना कोल्हापूरची अंबाबाई. हिंगोलीहून रेल्वेने कोल्हापूर गाठलं, देवीचं दर्शन घेतलं आणि एस.टी.ने आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे वेंगुर्ल्यात पोहोचलो. घाटात मुलाला दोनदा उलटी झाली. आल्याचा तुकडा आणि लिंबू जवळ होतं म्हणून निभावलं. लांबच्या प्रवासात या दोन वस्तू पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी ठेवल्या तर वेळेवर सापडत नाहीत.

समुद्र दिसला तेव्हा मुलं ओरडली. सासूबाई बराच वेळ गप्प उभ्या होत्या. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत घागरी लावलेली बाई ती. शेवटी म्हणाल्या, "एवढं पाणी, आन् घोटभर कामाचं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी आरवलीच्या वेतोबाला गेलो. तिथे देवाला वाहिलेल्या एवढाल्या मोठ्या चपला आहेत की माझ्या मुलाने आपले दोन्ही पाय एकीच्या बाजूला ठेवून मापून पाहिले. देव रात्री गावभर फिरतो आणि चपला झिजतात, असं लोक सांगतात. केळ्यांचे घड वाहण्याचीही पद्धत आहे. सासूबाईंनी घडातली दोनच केळी प्रसाद म्हणून पदराला बांधून घेतली, ती हिंगोलीपर्यंत येईतो पदरासकट वाया गेली.

पण खरी गोष्ट मांडवीच्या खाडीतली.

वेंगुर्ल्यात स्वामिनी नावाचा महिला बचत गट आहे. कोळी कुटुंबांतल्या या बायकांनी २०१७ साली खाडीतून कांदळवनाची सफर सुरू केली. होडी त्याच वल्हवतात, माहितीही त्याच देतात. आमच्या होडीवरच्या ताईंनी विचारलं, "खंयसून इलात?" मी म्हटलं, हिंगोलीहून. "ता खंय इला?" मला वाईट वाटलं नाही, मलाही महिन्यापूर्वी मांडवी कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. नऊवारीवर नारिंगी रंगाचं जाकीट चढवून सासूबाई होडीत बसल्या. हे फोटो काढायला लागले तर त्यांनी तोंडाला पदर लावला.

आत शिरल्यावर पाणी संथ झालं. दोन्ही बाजूंनी झाडं, अगदी पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी. ताई एकेक ओळख करून देत होत्या. हा कांदळ, ही चिप्पी, हे तिवर, ही काटेरी पानांची मारांडी. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला, हेही सांगितलं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि शेंगेसारखं लांब होऊन मग खाली चिखलात पडतं. पोटात बाळ वाढवून मग जन्म द्यावा तसं. ते ऐकून होडीतल्या सगळ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

तिवराच्या बुडाशी चिखलातून पेन्सिलीसारखे हजारो खुंट वर आलेले होते. सासूबाई म्हणाल्या, "ह्ये तं तुरीचे धसकटं!" तूर कापल्यावर वावरात जसे खुंट उभे राहतात, अगदी तसेच. पण ही मुळं होती, जमिनीतून उलटी आकाशाकडे वाढलेली. चिखलात हवा नाही म्हणून झाड नाक वर काढून श्वास घेतं.

एका ठिकाणी होडी काठाला लागली. ताई म्हणाल्या, "वायच सांबाळून उतरा हां, चिखल पाय धरून ठेयता." मी सांभाळून उतरले आणि घोट्याच्या वरपर्यंत आत गेले. पाय ओढायला जावं तर आणखी खाली. वरचा तपकिरी थर फुटला, आतून शाईसारखा काळा चिखल वर आला आणि असा वास सुटला, की मुलगी नाक धरून ओरडली, "आई, कुणीतरी अंडं फोडलं!" ताईंनी हात दिला, यांनी हात दिला, तेव्हा पाय निघाला, चप्पल तिथेच राहिली. ती काढता काढता आणखी पाच-दहा मिनिटं गेली. पाय खाडीच्या पाण्यात धुतले तर चांदीची जोडवी काळी! आधी वाटलं चिखल चिकटलाय. पदराने घासलं, नखाने घासलं. काही नाही.

मला एकदम कससंच झालं. सासूबाईंसमोर, सौभाग्याचा दागिना... त्या काय म्हणतील या विचाराने तोंड उतरलं असावं. भाचा मात्र हसत सुटला. "मामी, घाबरू नका. जिवाणूंनी सही केली आहे तुमच्या जोडव्यावर."

परतीच्या वाटेवर त्याने जे समजावलं, ते माझ्या भाषेत सांगते.

माती म्हणजे नुसता भुगा नव्हे. चमचाभर मातीत शंभर कोटींच्या घरात जिवाणू असतात. पूर्वी शास्त्रज्ञ त्यांना बशीत खाऊ घालून वाढवायचे आणि मोजायचे. पण शंभरातला एखादाच बशीत वाढायला राजी असतो. आता मातीतून सगळ्यांचे डी.एन.ए. एकदम काढून वाचतात, म्हणजे घरोघर न जाता रेशनकार्डांवरून वस्ती ओळखावी तसं. त्यावरून कळतं की कुठल्या मातीत कोण राहतं, आणि जागा बदलली की वस्ती कशी बदलते.

खाडीच्या चिखलात पानं पडतात, कुजतात. ते खायला जिवाणूंची पंगत बसते. पहिल्या पंगतीला मान प्राणवायू घेणाऱ्यांचा. पण चिखल इतका घट्ट आणि ओला, की प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. मग ज्यांना नायट्रेट चालतं ते बसतात, मग लोखंडाच्या गंजावर भागवणारे. त्यानंतरची पंगत सर्वांत मोठी, ती सल्फेटवाल्यांची. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सगळी मिठं मिळून सुमारे ३५ ग्रॅम असतात, त्यात जवळजवळ पावणेतीन ग्रॅम सल्फेट. ते काही संपत नाही, दर भरतीला नवं येतं. हे जिवाणू आपण प्राणवायू घेतो तसं सल्फेट घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. तो लोखंडाला भेटला की चिखल काळा होतो आणि चांदीला भेटला की जोडवी काळी होतात.

मला आमच्या गावचा गोबरगॅस आठवला. तिथेही हवा नाही, तिथेही शेण कुजतं, मग तिथे चूल पेटवणारा वायू कसा? भाचा खूश झाला. म्हणाला, मिथेन करणारे हे जिवाणूंचे दूरचे भाऊबंद, त्यांचा नंबर अगदी शेवटच्या पंगतीला. शेणात सल्फेट फारसं नसतं म्हणून त्यांना पोटभर मिळतं. खाडीत सल्फेटवाले आधीच ताट पुसून उठतात, यांना उरतं फारच थोडं.

मग वस्ती ठरवतं कोण? मीठ ठरवतं. लोणच्याचंच बघा ना. कैरीच्या फोडींवर नाना प्रकारचे जिवाणू असतात, पण मीठ नीट पडलं की मोजकेच टिकतात आणि नासवणारे मरतात. मीठ हलकं पडलं की बरणीला बुरशी. खाडीत हे मीठसुद्धा एकसारखं नाही. पावसाळ्यात वरून गोडं पाणी येतं, खार उतरतो, वैशाखात चढतो. पाण्याच्या काठचा चिखल दिवसातून दोनदा भरतीने भिजतो, आणि वरच्या अंगाचा फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. मधले दिवस तो उन्हात तापतो, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. म्हणून शंभर पावलांवरची वस्तीसुद्धा वेगळी.

खेकडे बिळं करतात, त्या बिळातून हवा खोल जाते आणि काळ्या चिखलात प्राणवायूवाल्यांची एक गल्ली तयार होते. झाडाच्या मुळांतूनही थोडा प्राणवायू पाझरतो. मुळाभोवती गंजाच्या रंगाचं अस्तर दिसतं ते त्यामुळे. कुठलं झाड आहे, पानात तुरटपणा किती, यावरही खाणारे ठरतात. गावाचं सांडपाणी आलं तर आणखी निराळे. मुंबई-ठाण्याकडच्या खाड्यांत ते फार झालं आहे, पण तो विषय मोठा आहे.

बास बेकिंग नावाच्या एका डच शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये अशा अर्थाचं मांडलं होतं, की जिवाणू बहुतेक सगळीकडे असतातच, कोणाला वाढू द्यायचं ते जागा ठरवते. पुढच्या लोकांनी त्यात पुष्कळ दुरुस्त्या केल्या, पण आपल्याला ते इडलीच्या पिठावरून पटायला हरकत नाही. पिठात आपण विरजण घालत नाही, तरी ते फुगतं. डाळ-तांदळावर जिवाणू असतातच. वैशाखात रात्रीतून पातेल्याबाहेर येतं आणि हिंगोलीच्या डिसेंबरात दुपारपर्यंत ढिम्म बसून राहतं. डाळ तीच, तांदूळ तेच, हात तेच.

आणि एक गंमत. जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत असं मी मुलांना दरवर्षी शिकवते. तर वेस्ट इंडीजमधल्या ग्वादलूप बेटावरच्या कांदळवनात, बुडालेल्या पानांवर एक जिवाणू सापडलाय, तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो! सुमारे एक सेंटिमीटर लांब, पांढरा दोरा. २०२२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. नाव थायोमार्गारिटा मॅग्निफिका. तोही गंधकावरच जगतो. भाच्याने मोबाईलवर चित्र दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "शेवया हायेत की!"

खाडीतल्या चिखलाला हवा लागत नाही म्हणून पानांचा कार्बन तिथे शेकडो वर्षं साठून राहतो. तो चिखल कोरडा केला तर गंधकाचं आम्ल होतं आणि जमीन आंबट होऊन बसते. म्हणजे खाडी बुजवून शेत करायला जावं तर शेतही धड नाही. राज्य सरकारने २०१२ मध्ये कांदळवनांसाठी वेगळा कक्ष केला, न्यायालयाचे निकालही आहेत. पण मला विचाराल तर वल्हं हातात घेतलेल्या त्या बायका जास्त राखतात. त्यांची मासळी त्या मुळांतच लहानाची मोठी होते.

हे सगळं ऐकून होईपर्यंत धक्का आला. सासूबाई उतरल्या, जाकीट काढून घडी करून ताईंच्या हातात दिलं, आणि भाच्याला विचारलं, "मंग आपल्या खालच्या पट्टीत कोण ऱ्हातं रं?"

हे माझ्याकडे बघू लागले. मी यांच्याकडे.

भाचा म्हणाला, "आजी, तुमची पट्टी थोडी खाडीसारखीच झाली आहे. मीठ आहे, पाणी तुंबलंय, हवा नाही. पण खाडीला रोज भरती-ओहोटी धुऊन काढते. तुमच्या पट्टीला ओहोटीच नाही."

मग पावसाच्या वासाचं निघालं. मातीला पहिल्या पावसात येणारा तो वास मुख्यतः एका जातीच्या जिवाणूंनी केलेल्या द्रव्याचा असतो. जिओस्मिन म्हणतात त्याला. करणारे ते स्ट्रेप्टोमायसिस. त्यांना मोकळी, हवा खेळती माती लागते. वास गेला म्हणजे ते गेले, किंवा फार कमी उरले. मला शरम वाटली. विज्ञानाची बाई मी, आणि मातीची परीक्षा केली होती चौथी शिकलेल्या बाईने, नाकाने.

आणखी एक आठवलं. श्रावणात मी वर्गात दाखवायला सोयाबीनची झाडं उपटून नेली होती. वरच्या वावरातल्या झाडाच्या मुळांना मोहरीएवढ्या गाठी, फोडल्या तर आत गुलाबी. त्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात, आणि गुलाबी रंग असतो तो आपल्या रक्तातल्या द्रव्याच्या सख्ख्या बहिणीचा, लेगहीमोग्लोबिनचा. खालच्या पट्टीतल्या झाडाला गाठी दोन-चारच, आतून पांढऱ्या. मी ते झाड "नीट आलं नाही" म्हणून फेकून दिलं होतं. खरं तर तेच वर्गाला दाखवायला हवं होतं.

घरी आल्यावर आधी जोडवी. भाच्याने सांगितलेला उपाय तुम्हीही करून पाहा. ॲल्युमिनियमच्या जुन्या पातेल्यात उकळतं पाणी घ्यायचं, एक चमचा खाण्याचा सोडा आणि एक चमचा मीठ टाकायचं, आणि चांदी पातेल्याच्या तळाला टेकेल अशी ठेवायची. काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधक यांचा थर. ॲल्युमिनियम गंधक ओढून घेतं, चांदी मोकळी होते, पावडरीने घासल्यासारखी झिजत नाही. थोडा वास येतो, खिडकी उघडी ठेवा. मोती किंवा खडे बसवलेलं काही यात टाकू नका. माझी जोडवी दहा मिनिटांत उजळली. डाव्या पायाच्या एकावर बारीक काळी रेघ अजून आहे, ती मीच राहू दिली.

मग शाळेसाठी दोन बरण्या केल्या. सर्गेई विनोग्राडस्की नावाच्या शास्त्रज्ञाची ही युक्ती. जन्म १८५६, कीव्हचा. गंधकावर जगणारे जिवाणू त्यानेच प्रथम नीट ओळखले. काचेच्या लोणच्याच्या बरणीत ओली माती, त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस आणि खडूची पूड कालवायची, वर बोटभर पाणी, झाकण सैल, आणि उजेडाच्या खिडकीत ठेवायची. एकीत वरच्या वावराची माती, दुसरीत पट्टीची. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की बरण्यांकडे एक फेरी. तीन आठवड्यांत तळाला काळा पट्टा धरला. दीड-दोन महिन्यांनी उजेडाच्या बाजूला हिरवी आणि जांभळी झाक आली, बनारसी काठासारखी. आणि ती दोन्ही बरण्यांत आली. पट्टीच्या मातीतसुद्धा.

"मेली म्हणत व्हते," सासूबाई म्हणाल्या. यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

दरम्यान यांनी आणि भाच्याने पट्टीतली माती परभणीला तपासायला नेली. सामू ८.९ निघाला, साडेआठच्या वर गेला की चोपणाची लक्षणं समजायची. सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, मग हवा नाही, निचरा नाही. उपाय नवे नाहीत. आधी खोल चर काढून पाण्याला वाट द्यायची. मग जिप्सम टाकायचा. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर चरातून वाहून जातो. मग ताग किंवा धैंचा पेरून फुलायच्या आत गाडायचा, शेणखत द्यायचं. क्रम महत्त्वाचा. चराशिवाय जिप्सम टाकला तर तुंबलेल्या पाण्यात सुटलेलं मीठ जाणार कुठे? तो पैसा चिखलात. आमच्या शेजारच्या एकाने तसंच केलं आणि आता तो जिप्समला शिव्या देतो.

आणि पुढे सोयाबीन घेताना बियाण्याला रायझोबियमचं संवर्धन लावायचं. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या गार पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं आणि सावलीत वाळवायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी, नाहीतर आपणच पाहुण्यांना बोलावून विष घातल्यासारखं होतं. आमच्याकडे हे काम बायकाच करतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हे सगळं झालं तरी पट्टी एका वर्षात सुधारेल असं कुणी म्हटलेलं नाही. भाचा तर तीन वर्षं धरा म्हणतो. तीन वर्षं हप्ते काही थांबणार नाहीत. यावरून घरात दोनदा भांडणं झाली, एकदा तर मीच यांच्या बाजूने बोलले. पैसा समोर दिसतो आणि माती सुधारताना दिसत नाही, तेव्हा डोकं फिरतं. शेवटी सासूबाईंनी आपली मोहनमाळ पेटीतून काढून यांच्यासमोर ठेवली. "चराचे पैशे ह्यातून घ्या." यांनी माळ परत त्यांच्या पेटीत ठेवली आणि सोसायटीतून थोडं कर्ज काढलं.

मार्चमध्ये हळद काढून झाल्यावर चर खणला. पहिल्या दिवशी चरात झिरपलेलं पाणी सासूबाईंनी बोट बुडवून चाखलं आणि थुंकलं. "खाडी," म्हणाल्या.

वीटभट्टीवाला परवा पुन्हा येऊन गेला. भाव वाढवून. हे त्याला म्हणाले, एक पावसाळा बघू, मग सांगतो. नाही म्हणाले नाहीत, हे मी ऐकलं. सासूबाईंनीही ऐकलं असणार. त्यांनी त्याला चहा दिला, बशीतली साखर दिली, आणि मला म्हणाल्या, "धैंच्याचं बी आणून ठिव माय. मिरग जवळ आला."